धुकं यायच्या आधीची दहा मिनिटं

आमच्या हर्णैत धुकं म्हणजे थंडीतल्या एखाद्या सकाळी तासभर सुवर्णदुर्ग दिसेनासा होणं. ऊन वर आलं की खलास. शिवाय धुकं असलं की वारं नसतं, हे होडीवाल्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. हेच गणित डोक्यात घेऊन मी 2011 च्या जुलैत पहिल्यांदा कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्याकडे निघाले आणि ते पहिल्याच दिवशी बाद झालं. इथे धुकं वाऱ्याबरोबर येतं. नैऋत्येचा वीस नॉटचा, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांचा, वारा, शिडं फुगलेली, डोक्यावर निळं आभाळ, आणि पाण्याला टेकलेली एक राखाडी भिंत तुमच्या दिशेने सरकत येते. एकदा आली की दुपारच्या उन्हालाही दाद देत नाही. कधी तीन तास मुक्काम, कधी तीन दिवस.

मी आणि अविनाश न्यूफाउंडलंडच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्सला राहतो. आमची 'रुक्मिणी' 31 फुटांची, एका डोलकाठीची, 1982 सालची फायबरची होडी आहे. घरी येणारी मराठी मुलं हटकून विचारतात, "काकू, जीपीएस असताना धुक्याचं एवढं काय?" त्याचं हे लांबलेलं उत्तर. ज्याला शीड लावता-उतरवता येतं आणि चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, वाचता येतो त्याच्यासाठी हे आहे. बाकीच्यांनी आधी एखाद्या तलावात दोन उन्हाळे काढावेत. कॅनडात इंजिनाची होडी चालवायला परीक्षा देऊन एक कार्ड मिळवावं लागतं, पण ते खिशात आहे म्हणून लॅब्राडोरला जायची लायकी येत नाही. पहिल्या वर्षी माझ्याही खिशात होतंच.

आधी हे धुकं येतं कुठून ते बघू, कारण त्यावरूनच निघायचं की नाही ते ठरतं. लॅब्राडोरचं रेड बे गाव जवळजवळ लंडनच्याच अक्षांशावर आहे. पण लंडनला उबदार पाण्याची ऊब मिळते आणि इथे लॅब्राडोर प्रवाह उत्तरेकडून गार पाणी आणतो, सोबत हिमनग. जुलैतही या पाण्यात हात धरला तर मिनिटभरात बोटं ठणकायला लागतात. दक्षिणेकडून आलेली दमट हवा या पाण्यावरून सरकताना खालून गार होते आणि तिच्यातलं पाणी सुटतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून सुटतं तसं. म्हणजे दक्षिणेचा किंवा नैऋत्येचा वारा असेल तर धुकं धरून चाला. वायव्येचा वारा जमिनीवरून कोरडी हवा आणतो, त्या दिवशी वीस मैलांवरचा डोंगर हाताशी आल्यासारखा दिसतो.

मी रोज सकाळी बादलीभर समुद्राचं पाणी काढून त्यात थर्मामीटर बुडवते आणि हवामानाच्या बुलेटिनमधला दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं तो आकडा, शेजारी लिहिते. दवबिंदू पाण्याच्या तापमानाच्या वर गेला की धुक्याची तयारी झालीच म्हणायची. दोघांत दोन अंशांचा फरक उरला तरी आम्ही धुकं येणारच असं समजून दिवस आखतो. बुलेटिनमध्ये 'धुक्याचे पट्टे' म्हटलेलं असलं तरी आपल्या वाट्याला नेमका पट्टाच येतो.

जायचा काळ जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. त्याआधी बर्फ, त्यानंतर वादळं. कॅनडाच्या बर्फ-विभागाचा हिमनगांचा नकाशा रोज निघतो. त्यात समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात किती हिमनग आहेत तो आकडा लिहिलेला असतो. आकडा शून्य असला तरी फुटलेले तुकडे त्यात मोजलेले नसतात, हे लक्षात ठेवा.

न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला क्वीरपॉन असं लिहायचं आणि 'कारपून' असं म्हणायचं एक बंदर आहे. तिथून बेल आइलची सामुद्रधुनी ओलांडून रेड बे चाळीस मैलांच्या आत. पुढे बॅटल हार्बर पंचेचाळीस-पन्नास मैल, पण मध्ये हेन्ली हार्बरला थांबता येतं आणि थांबावंच. आमचा एक नियम आहे: दिवसभराच्या वाटेत कुठूनही दोन-तीन तासांत शिरता येईल असं एक बंदर हाताशी हवं, आणि त्याचं तोंड आंधळेपणाने शिरण्याइतकं रुंद हवं. या किनाऱ्यावर अरुंद वाटांना 'टिकल' म्हणतात. पहिल्यांदा चार्टवर वाचलं तेव्हा गुदगुल्याच झाल्या. धुक्यात मात्र टिकल टाळा. आतल्या वाटेने जाऊन पाच मैल वाचतात, पण दोन्ही हातांना खडक असतो आणि काही ठिकाणची मोजणी फार जुनी आहे. जीपीएस तुम्हाला तुमची जागा बरोबर सांगतो, पण खडकाची जागा कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली असू शकते.

आता दहा मिनिटांचं.

भिंत दिसल्यापासून ती अंगावर येईपर्यंत साधारण एवढाच वेळ मिळतो, कधी कमीच. या वेळात माणसं फोटो काढतात. मीही काढलेत. पण आता आमचा क्रम ठरलेला आहे आणि तो बोलून दाखवत आम्ही करतो. पहिलं काम, वहीत लिहिणं: वेळ, अक्षांश-रेखांश, दिशा, वेग, खोली. प्लॉटरवर, म्हणजे जीपीएसच्या नकाशाच्या पडद्यावर, सगळं असताना वही कशाला, असं अविनाशचंही म्हणणं होतं. चार्जिंगची तार ओली होऊन प्लॉटर बंद पडला त्या दिवसापासून त्याचंच अक्षर वहीत जास्त असतं. दुसरं, भोवती नजर फिरवून जे जे दिसतंय त्याची दिशा घेणं: दोन मैलांवरचा हिमनग, किनाऱ्याजवळची मासेमारीची बोट, बेटाचं टोक. पाच मिनिटांनी यातलं काहीच दिसणार नसतं, पण ते तिथेच असणार असतं. किंवा सरकलेलं असणार, म्हणून बोट कुठल्या दिशेला चालली होती तेही लिहायचं.

मग शीड कमी करायचं. वारा चांगला असतो, होडी मजेत पळत असते, आणि शीड आवरायला मन होत नाही. इथे आकडेमोड कामी येते. पाच नॉटला होडी सेकंदाला अडीच मीटर जाते. शंभर मीटर दिसत असेल तर समोरची वस्तू दिसल्यापासून चाळीस सेकंद हातात. तीन नॉटला तेच एक मिनिटाच्या वर जातं. मिनिटात मी सुकाणू फिरवू शकते, चाळीस सेकंदांत फक्त ओरडू शकते. म्हणून दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग.

शेवटची दोन मिनिटं कपड्यांची. लाइफ जॅकेट, त्याची दोरी होडीला अडकवलेली, लोकरीचे हातमोजे, आणि कान उघडे. टोपी हवी, पण कानांवर नको. रडार असेल तर चालू करा, आणि दिवे लावा. व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरवर आपली जागा, दिशा, वेग सांगून टाका. आपल्याला कुणी ऐकत नाही असं वाटतं, पण एकदा लगेच उत्तर आलं होतं, एका कोळ्याचं: "दिसलात मला रडारवर, असेच जा, मी तुमच्या मागून जातो." फोनचा भरवसा धरू नका, बहुतेक किनाऱ्यावर रेंज नाही.

धुकं आत आलं की कामाची वाटणी. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच आम्ही सगळ्यात उशिरा शिकलो. एकाने बाहेर बघायचं-ऐकायचं, एकाने फक्त यंत्रं बघायची. दोघांनी मिळून बाहेर बघायचं नाही. डोळे फाडून राखाडीत बघत राहिलं की दहा मिनिटांत काहीही दिसायला लागतं. मला एकदा नारळाची झाडं दिसली होती. म्हणून दर वीस मिनिटांनी जागा बदलायची.

अविनाश बहुधा पुढे नाळेवर, म्हणजे होडीच्या टोकावर, बसतो कारण त्याचे कान तयार आहेत. तीस वर्षं तबला वाजवतोय. आंतरराष्ट्रीय नियमात भोंग्याचा लांब आवाज चार ते सहा सेकंद आणि छोटा साधारण एक सेकंद असतो. त्याने ते मात्रांत बसवलंय: सेकंदाला एक मात्रा, लांब म्हणजे पाच, छोटा म्हणजे एक. शिडावर चालत असाल तर एक लांब, दोन छोटे. इंजिनावर असाल, शीड वर असलं तरी, तर एक लांब. इंजिनाची बोट पाण्यात थांबलेली असेल तर दोन लांब. दोन आवर्तनांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही. बारा मीटरपेक्षा लहान होडीला नियमात सूट आहे, काहीतरी आवाज केला की पुरतं. पण बरोबर आवाज केलात तर समोरच्याला तुम्ही कोण ते कळतं, सूट कशाला घ्यायची? एक गोष्ट ध्यानात ठेवा: एक लांब-दोन छोटे हाच आवाज मासेमारी करणाऱ्या बोटीचा आणि दुसऱ्याला ओढून नेणाऱ्या बोटीचाही आहे. म्हणजे तो ऐकला तर पुढच्या बोटीमागे जाळं किंवा दोर असू शकतो.

गॅसच्या डब्याचा भोंगा थंडीत दम सोडतो. तोंडाने फुंकायचा साधा भोंगा बरोबर ठेवाच. आणि धुक्यात कुकर लावू नका. हसू नका. एकदा मी खाली खिचडी टाकली होती आणि पुढून अविनाश ओरडला, "अगं, एक लांब! मागून, अगदी जवळ!" मी इंजिन बंद करून वर धावले. दुसरी शिटी झाली तेव्हा दोघांनाही कळलं.

इंजिनावर असाल तर दर दहा मिनिटांनी ते बंद करून दोन मिनिटं ऐका. धुक्यात आवाज कुठून येतोय ते पहिल्या वेळी सांगू नका. तीनदा ऐका, दोघांनी वेगवेगळं बोट दाखवा, मग ठरवा. समोरून भोंगा ऐकू आला की वेग अगदी कमी, गरज पडली तर पूर्ण थांबायचं. रस्ता कुणाचा, हा वाद धुक्यात नसतो. एरवी शिडाच्या होडीला मिळणारा मान इथे चालत नाही, दोघांनीही सांभाळायचं. रडारवर समोर कुणी दिसलं तर डावीकडे वळणं टाळा. सामुद्रधुनीत युरोपहून माँट्रियलकडे जाणारी मोठी जहाजं असतात. त्यांच्या येण्याजाण्याच्या पट्ट्या चार्टवर आखलेल्या आहेत, त्या काटकोनात आणि लवकर ओलांडा.

आता खोली. बाबा शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडायचे आणि त्याच्या बुडाला लावलेल्या चरबीला वाळू चिकटली की चिखल ते बघायचे. आता साउंडरवर आकडा येतो, पण विचार तोच. चार्टवर चाळीस मीटर खोलीची रेष पेन्सिलीने जाड करून ठेवा. क्वीरपॉनहून निघाल्यावर मी रेड बेच्या तोंडावर नेम धरत नाही. मुद्दाम दोन मैल पूर्वेला धरते. का? तोंडावर नेम धरला आणि चाळीसची रेष लागली, पण बंदर दिसलं नाही, तर वळायचं कुठे, डावीकडे की उजवीकडे? दोन मैल पूर्वेला आलेय हे माहीत असेल तर रेष लागताच डावीकडे वळायचं, रेष धरून हळूहळू पश्चिमेला सरकायचं. आकडा कमी व्हायला लागला की बाहेर, वाढायला लागला की आत. उत्तरेकडच्या किनाऱ्यालगत प्रवाहही बहुधा नैऋत्येकडे वाहतो, तो बरोबर नेतो. उभा कडा असेल तर भोंगा फुंकून प्रतिध्वनी मोजा: जितके सेकंद लागले तितके गुणिले 165 मीटर. हिमनगाकडून मात्र प्रतिध्वनी येईलच असं नाही.

आमची सगळ्यात मोठी चूक इथलीच आहे. 2016, हेन्लीच्या अलीकडे, दृष्टी साठ-सत्तर मीटर. ऑटोपायलट लावलेला, अविनाश पुढे, मी कॉकपिटमध्ये. दोघंही कान लावून बसलेलो, कारण कुठेतरी लाटा फुटल्यासारखं वाटत होतं. साउंडरचा गजर वाजला. चार्टप्रमाणे साठ मीटर हवे होते, आकडा सव्वीस. चोवीस. बावीस. मी सुकाणू हातात घेतलं, होडी उलटी फिरवली, आलो त्याच वाटेने परत निघालो. आकडा वाढेपर्यंत श्वास नीट घेतला नाही. मग शोध सुरू झाला. प्लॉटरवर आमची वाट पंधरा-वीस अंशांनी किनाऱ्याकडे झुकलेली, ऑटोपायलट म्हणतोय मी सरळच चाललोय. ऑटोपायलटचं होकायंत्र आमच्या बाकाखालच्या कप्प्यात असतं. त्या कप्प्यात, भिजू नये म्हणून, अविनाशने रियाजाचा लेहरा ऐकायचा ब्लूटूथ स्पीकर ठेवला होता. स्पीकरमध्ये चुंबक असतो, हे गणिताच्या मास्तरला सांगायची वेळ आली. पण खरी चूक माझी होती. यंत्रं बघायची पाळी माझी होती आणि मी ऐकत बसले होते. आता त्या कप्प्यावर लाल पट्टी आहे. निघण्यापूर्वी मी खिशातला फोनही तिथून लांब ठेवते. आणि इथे होकायंत्राची उत्तर दिशा आणि खरी उत्तर यांत वीस अंशांच्या आसपास फरक आहे. मुंबईत तो जवळपास नसतोच, त्यामुळे आपल्याकडे शिकून आलेले तो हमखास विसरतात.

कुणाला वाटेल, छोट्या होडीवाल्यांचेच हे घोळ. 1922 च्या ऑगस्टमध्ये रॅली नावाची ब्रिटिश युद्धनौका याच सामुद्रधुनीत पॉइंट अमूरपाशी धुक्यात खडकावर चढली, दीपगृहाच्या अगदी पायाशी. त्या दीपगृहाची उंची 33 मीटर.

हिमनगांचं थोडक्यात. मोठा हिमनग रडारवर बहुधा दिसतो. भीती तुकड्यांची. पाण्यावर जेमतेम मीटरभर डोकं काढलेला, पियानोएवढा तुकडा, इथे त्याला ग्राउलर म्हणतात, लाटांच्या खळबळीत रडारला सापडत नाही. हे तुकडे हिमनगापासून वाऱ्याच्या दिशेने वाहत जातात, म्हणून हिमनगाला वळसा घालायचा तो वारा येतो त्या बाजूने. अंतर त्याच्या लांबीइतकं किंवा उंचीच्या दुप्पट, जे जास्त असेल ते, कारण तो न सांगता उलटतो. जवळच्या बर्फाचा आवाज येतो: सोड्याची बाटली उघडल्यासारखा चुरचुर. बर्फातली जुनी हवा सुटते त्याचा. तो ऐकलात तर तुम्ही नको तितके जवळ आहात. रात्री बर्फाच्या पाण्यात धुकं असेल तर आम्ही चालत नाही, मुळीच नाही.

बंदरात शिरलात की नांगर टाकायची घाई नको. तळाशी केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, लांब पट्ट्या असतात, नांगर त्यात गुंततो आणि धरल्यासारखं वाटतं. साखळी सोडून इंजिन उलटं चालवा, ताण द्या, मिनिटभर बघा. आमचा नांगर होडीच्या मानाने एक माप मोठा आहे, पन्नास मीटर साखळी. हाताने ओढताना मी रोज शिव्या देते. एकदा ओढून काढला तर त्याच्यावर गवताचा भारा आला होता, आणि रात्रभर आम्ही त्या भाऱ्यावर झोपलो होतो.

घरी कुणालातरी आपला बेत लिहून द्या: कुठून, कुठे, कधी पोचणार, किती वाजेपर्यंत कळवलं नाही तर कोस्ट गार्डला फोन करायचा. आमच्या बाबतीत ती शेजारीण आहे. दुसरा निरोप हर्णैला, भावाला. उन्हाळ्यात या किनाऱ्याचा आणि भारताचा फरक बरोबर आठ तासांचा, दोन्हीकडे अर्ध्या तासाची भानगड असल्यामुळे ती आपोआप मिटते.

आणि नांगरावर असतानाही आवाज करत राहायचा, निदान जाण्यायेण्याच्या वाटेवर असाल तर. मोठ्या बोटी घंटा वाजवतात. आमच्याकडे स्टीलचं ताट आणि डाव आहे. परवाच्या ऑगस्टमध्ये रेड बेला तासभर चाचपडत आत आलो, आठ मीटरवर नांगर टाकला, आणि अविनाशने झपतालात ताट बडवायला सुरुवात केली. हात दिसत नव्हता इतकं दाट. पंधरा मिनिटांनी उजवीकडून, अगदी जवळून, एका म्हाताऱ्या माणसाचा शांत आवाज आला. सगळं ठीक आहे ना, त्याने विचारलं. आम्ही म्हटलं हो, नियमाप्रमाणे आवाज करतोय. थोडा वेळ काही नाही. मग तो म्हणाला, "ठीकच आहे. पण जेट्टी इथेच आहे. मी तिच्यावर उभा आहे."